आरोपाविना कैद

२५ सप्टेंबर १९७५ ची सकाळ. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विद्यार्थ्यांचा संप चालू होता. पंतप्रधान इंदिरा गांधींच्या सून मेनका गांधी तेव्हा तिथे शिकत होत्या. वर्गाकडे निघालेल्या मेनकांना विद्यार्थी संघटनेचे अध्यक्ष देवीप्रसाद त्रिपाठी यांनी वर्गात न जाण्याची विनंती केली. थोड्या वेळाने एक काळी अँबॅसिडर येऊन थांबली. साध्या कपड्यांतले पोलीस उतरले आणि त्यांनी त्रिपाठी समजून प्रबीर पुरकायस्थ नावाच्या दुसऱ्याच विद्यार्थ्याला गाडीत कोंबलं. माणूस चुकला होता. पण त्याला सोडून देण्याऐवजी त्याच्याच नावाने मिसाखाली, म्हणजे अंतर्गत सुरक्षा कायद्याखाली, स्थानबद्धतेचा हुकूम निघाला आणि त्याचं पुढचं जवळजवळ वर्ष तुरुंगात गेलं. आधी माणूस उचलला गेला, मग कागद तयार झाला.

हेच पुरकायस्थ ३ ऑक्टोबर २०२३ रोजी पुन्हा पकडले गेले. आता ते एका वृत्तसंकेतस्थळाचे संपादक होते, वय पंच्याहत्तरीच्या आसपास, आणि कायदा होता यूएपीए, म्हणजे बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा. दुसऱ्या दिवशी भल्या पहाटे, त्यांच्या वकिलाला वेळेवर न कळवता, त्यांना न्यायाधीशांच्या घरी उभं करून कोठडी घेण्यात आली. १५ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही अटक बेकायदा ठरवली. अटकेची कारणं त्यांना लेखी दिलेली नव्हती, एवढाच मुद्दा त्यासाठी पुरेसा ठरला. आरोप खरे की खोटे, यावर न्यायालय काहीच बोललं नाही, आणि ते योग्यच होतं.

दोन्ही अटकांमध्ये अठ्ठेचाळीस वर्षांचं अंतर आहे. पहिल्या वेळी देशात आणीबाणी होती, दुसऱ्या वेळी नव्हती. सत्तेवरचा पक्ष वेगळा होता, कायदा वेगळा होता. प्रश्न मात्र एकच राहिला: सरकारने एखाद्याला घरातून उचलून न्यायचं, तर त्याआधी कोणाला काय दाखवायला हवं, आणि किती वेळात? पुढच्या पानांचा विषय हाच प्रश्न आहे. स्वातंत्र्याचा संकोच म्हटलं की रणगाडे, संचारबंदी, जळणारी वर्तमानपत्रं असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. भारतातला अनुभव बहुतांशी कचेरीतला आहे. एक छापील नमुना, त्यात भरलेलं नाव, खाली अधिकाऱ्याची सही. त्या सहीची तपासणी कोणी करायची, यावर गेली सव्वाशे वर्षं झगडा चालू आहे.

सव्वाशे वर्षं म्हणण्याचं कारण पुण्यात सापडतं. २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडवर गोळी झाडली गेली. पुढच्या काही आठवड्यांत सरकारने दोन दिशांनी पावलं टाकली. लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला. मुंबईच्या उच्च न्यायालयात ज्यूरीपुढे तो चालला आणि त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. खटला न्याय्य होता असं कोणी म्हणणार नाही. पण आरोपपत्र होतं, वकील होते, साक्षीपुरावा होता, आणि जगाला वाचता येईल असा निकाल होता. पुण्याचे सरदार नातू बंधू, बाळासाहेब आणि तात्यासाहेब, यांच्या वाट्याला यातलं काहीच आलं नाही. मुंबई इलाख्याच्या १८२७ च्या पंचविसाव्या रेग्युलेशनखाली त्यांना उचललं आणि खटला न भरता जवळपास दोन वर्षं डांबून ठेवलं. त्यांनी काय केलं होतं, हे कोणत्याही न्यायालयाला कधी विचारता आलं नाही. त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमरावतीला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनाने या रेग्युलेशनांविरुद्ध आवाज उठवला. बंगालचं १८१८ चं रेग्युलेशन याच जातीचं होतं. १९०७ मध्ये लाला लजपतराय आणि अजितसिंग यांची मंडालेला रवानगी त्याच्याच आधारे झाली. १९१९ च्या रौलट कायद्याविरुद्ध देश पेटून उठला, तो याच ‘ना वकील, ना दलील, ना अपील’ कारभाराच्या संतापातून.

असा अनुभव गाठीशी असलेल्या लोकांनी स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेत खटल्याविना कैदेला जागा ठेवावी, हे आजही मनाला खटकतं. कारणं समजून घेता येतात. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, तेलंगणात सशस्त्र लढा चालू होता, गांधीजींचा खून होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. सप्टेंबर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांनी घटना समितीपुढे जो नवा अनुच्छेद मांडला, तो पुढे बाविसावा झाला. जीवित आणि स्वातंत्र्याविषयीच्या मूळ तरतुदीवर लोक नाराज आहेत, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केलं आणि ही त्याची थोडीफार भरपाई आहे अशी भूमिका घेतली. या अनुच्छेदाचा पहिला भाग प्रत्येक अटक झालेल्या माणसाला कारणं कळण्याचा, वकिलाचा आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे उभं राहण्याचा हक्क देतो. पुढचा भाग सांगतो की प्रतिबंधक स्थानबद्धतेत असलेल्याला हे हक्क लागू नाहीत. त्याला तीन महिन्यांपर्यंत, स्थानबद्धतेची कारणं तपासणाऱ्या सल्लागार मंडळाचं तोंडही न दाखवता आत ठेवता येतं.

घटना अमलात येऊन महिना होतो न होतो तोच, फेब्रुवारी १९५० च्या अखेरीस, सरदार पटेलांनी प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा संसदेत आणला. हा निर्णय घेताना आपली झोप उडाली होती, असं त्यांनी सभागृहाला सांगितलं, आणि त्यावर अविश्वास दाखवायचं कारण नाही. कायदा एका वर्षापुरता होता. मुदत वाढत वाढत तो १९६९ च्या डिसेंबरअखेरपर्यंत टिकला. मध्ये जेमतेम दीड वर्षाची फट पडली आणि १९७१ मध्ये मिसा आला. झोप उडवणारा निर्णय दुसऱ्या पिढीत सवयीचा झाला होता.

या सगळ्या कायद्यांचा कणा एकच आहे. अमुक माणसाला मोकळं ठेवणं धोक्याचं आहे, अशी अधिकाऱ्याची ‘खात्री’ झाली की पुरे. गुन्हा घडलेला असण्याची गरज नाही. तो पुढे घडू शकेल एवढा अंदाज चालतो. खात्री होण्याइतका पुरावा होता का, हे न्यायालय सहसा तपासत नाही. हुकूम वेळेत बजावला का, कारणं बंद्याला समजतील अशा भाषेत दिली का, त्याच्या अर्जाचा निकाल लांबवला का, एवढंच न्यायालय पाहतं. म्हणून बहुतेक स्थानबद्धांची सुटका एखाद्या तारखेच्या किंवा भाषांतराच्या चुकीवर होते. मूळ प्रश्न, म्हणजे या माणसाला का पकडलं, बहुधा अनुत्तरितच राहतो.

अशा यंत्रणेचा पूर्ण वापर केला तर काय होतं, हे २५ जून १९७५ च्या रात्री दिसलं. तेरा दिवसांपूर्वी अलाहाबाद उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जगमोहनलाल सिन्हा यांनी इंदिरा गांधींची रायबरेलीची निवडणूक रद्द केली होती. त्या रात्री पंतप्रधानांचं एक पत्र राष्ट्रपती फखरुद्दीन अली अहमद यांच्याकडे गेलं. मंत्रिमंडळाची बैठक घेण्याएवढा वेळ नाही, म्हणून कामकाजाच्या नियमांतून सूट घेत आहे, असा त्याचा आशय होता. मध्यरात्रीच्या आत आणीबाणीच्या घोषणेवर राष्ट्रपतींची सही झाली. दिल्लीतल्या बहादूरशाह जफर मार्गावरच्या वृत्तपत्रांची वीज गेली. मंत्रिमंडळाला ही गोष्ट सकाळी सहा वाजता कळली, तोवर जयप्रकाश नारायण आणि मोरारजी देसाई कैदेत होते. साठ कोटी लोकांच्या देशात मूलभूत हक्क गोठवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाच्या टेबलावर न येता झाला. २७ जूनला राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुच्छेद १४, २१ आणि २२ साठी न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग बंद केला. मिसात दुरुस्ती होऊन स्थानबद्धतेची कारणं बंद्याला सांगण्याची गरजही संपली. पुढे आणीबाणीतल्या गैरप्रकारांची चौकशी करणाऱ्या शहा आयोगाने मोजदाद केली: मिसाखाली ३४,९८८ माणसं, भारत संरक्षण नियमांखाली ७५,८१८. दिल्लीत सायक्लोस्टाईल केलेल्या हुकमांवर सह्या झाल्या आणि कारणं मागाहून जुळवली गेली, हेही आयोगापुढे आलं. १९७५ च्या पावसाळ्यात तरी अनेक अधिकाऱ्यांची ‘खात्री’ वरून आलेल्या फोनवर होत होती.

नऊ उच्च न्यायालयांनी तरीही दार उघडं ठेवलं. राष्ट्रपतींचा आदेश असला तरी हुकूम कायद्याला धरून आहे का, एवढं आम्ही तपासू, अशी भूमिका त्यांनी घेतली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. एडीएम जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ल हे त्या खटल्याचं नाव. सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी अॅटर्नी जनरल निरेन डे यांना सरळ विचारलं, की एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरापोटी कोणाचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही का? आणीबाणी असेपर्यंत नाही, असं उत्तर आलं. २८ एप्रिल १९७६ रोजी चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. सरन्यायाधीश अजितनाथ रे, मिर्झा हमीदुल्ला बेग, यशवंत विष्णू चंद्रचूड आणि पी. एन. भगवती एकीकडे, खन्ना एकटे दुसरीकडे. ज्येष्ठतेने सरन्यायाधीशपद खन्नांकडे यायचं होतं. जानेवारी १९७७ मध्ये त्यांना डावलून बेग यांची नेमणूक झाली आणि खन्नांनी राजीनामा दिला.

डे यांचं उत्तर वकिली युक्तिवादातलं टोकाचं उदाहरण वाटावं. पण निकाल वाचला जात होता तेव्हा केरळात ते प्रत्यक्ष घडून आठ आठवडे झाले होते. १ मार्च १९७६ च्या पहाटे कालिकतच्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या राजन नावाच्या विद्यार्थ्याला पोलिसांनी नेलं. कक्कयमच्या छावणीत छळ होऊन दुसऱ्याच दिवशी तो मरण पावला. त्याचे वडील टी. व्ही. ईच्चर वारियर हिंदीचे प्राध्यापक. मुलगा कुठे आहे हे विचारत ते वर्षभर अधिकाऱ्यांचे आणि मंत्र्यांचे उंबरे झिजवत राहिले. न्यायालयाचा रस्ता बंद होता. २१ मार्च १९७७ रोजी आणीबाणी उठली आणि चारच दिवसांनी त्यांनी केरळ उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाचा अर्ज केला. सरकारने आधी शपथेवर सांगितलं की राजनला कधी पकडलंच नव्हतं. न्यायालयाने साक्षी तपासल्या, पकडल्याचं सिद्ध झालं, मग तो कोठडीतच गेल्याची कबुली आली. मुख्यमंत्री के. करुणाकरन यांना महिन्याभरात पायउतार व्हावं लागलं. मृतदेह मिळाला नाही तो नाहीच. माणूस आमच्यापुढे आणून उभा करा, असं सरकारला सांगू शकणारी एक जागा त्या वर्षभर उघडी असती तर मृत्यू टळला असता की नाही, सांगता येत नाही. निदान एका बापाला वर्षभर खोटं ऐकावं लागलं नसतं.

मुंबई उच्च न्यायालयाची त्या काळातली कामगिरी मराठी वाचकाने आवर्जून माहीत करून घ्यावी अशी आहे. १९७५ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या काही वकिलांनी नागरी स्वातंत्र्य आणि कायद्याचं राज्य या विषयावर एक खासगी सभा ठरवली. वक्त्यांत माजी मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला होते. पोलीस आयुक्तांनी परवानगी नाकारली. माजी न्यायमूर्ती नथवानी न्यायालयात गेले आणि न्यायमूर्ती व्ही. डी. तुळजापूरकर यांच्या खंडपीठाने ती बंदी मोडीत काढली. पुढे फेब्रुवारी १९७६ मध्ये, मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ या मासिकाचा मजकूर सेन्सॉरने अडवल्याच्या खटल्यात, न्यायमूर्ती मदन आणि कानिया यांनी सरकारवरची टीका म्हणजे देशाला धोका नव्हे, असं बजावलं. बदली, डावललं जाणं, दिल्लीची नाराजी, हे सगळं डोळ्यांसमोर असताना या न्यायाधीशांनी हे निकाल लिहिले.

न्यायालयाबाहेरचं धैर्यही होतं. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत होत्या आणि स्वागताध्यक्ष होते केंद्रातले मंत्री यशवंतराव चव्हाण. जयप्रकाश तेव्हा मुंबईत जसलोक रुग्णालयात आजारी होते. दुर्गाबाईंनी त्यांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला भर सभेत सर्वांना उभं केलं. मंत्री मंचावर, पोलीस मंडपात, आणि सरकारने कैद केलेल्या माणसासाठी संमेलन उभं! पुढे दुर्गाबाईंना अटक झाली ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथालयातून. अभ्यासाच्या टेबलावरून एका विदुषीला उठवून नेताना त्या सत्तेला संकोच वाटला नाही, ही गोष्ट महाराष्ट्राने विसरू नये.

आणीबाणीनंतर दुरुस्त्या झाल्या, त्या लहान नव्हत्या. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने ‘अंतर्गत अशांतता’ हे निमित्त काढून ‘सशस्त्र बंड’ ही अट घातली, मंत्रिमंडळाचा लेखी सल्ला सक्तीचा केला आणि अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही गोठवता येणार नाहीत असं ठरवलं. मिसा गेला. २४ ऑगस्ट २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणाचा हक्क मान्य करताना एडीएम जबलपूरचा निकाल स्पष्टपणे रद्द ठरवला. तसं लिहिणाऱ्यांत यशवंत चंद्रचूडांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते. त्या पद्धतीची आणीबाणी आता लादता येणं फार अवघड आहे.

पण आणीबाणी न लादता काय काय करता येतं, ते पाहायला हवं. १९८० मध्ये राष्ट्रीय सुरक्षा कायदा आला: बारा महिन्यांची स्थानबद्धता, सल्लागार मंडळापुढे वकील नेण्याचा हक्क नाही. महाराष्ट्राचा एमपीडीए हा स्थानबद्धतेचा कायदा १९८१ चा. झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले आणि अमली पदार्थांचे गुन्हेगार यांच्यासाठी तो केला. नंतर वाळू तस्करीपर्यंत त्याची कक्षा वाढत गेली. ‘सराईत गुन्हेगार एक वर्षासाठी स्थानबद्ध, येरवड्यात रवानगी’ ही बातमी जिल्हा पानावर नेहमीची आहे आणि ती वाचून कोणाला वाईट वाटत नाही. सराईत गुंडाविरुद्ध साक्षीदार पुढे येत नाहीत, ही पोलिसांची अडचण खरीच आहे. तरी ती अडचण साक्षीदाराला संरक्षण देऊन सोडवायची की खटलाच टाळून, याचं उत्तर प्रत्येक सरकारने दुसऱ्या बाजूने दिलं आहे.

एका कारणासाठी केलेला कायदा दुसऱ्याच माणसावर कसा येतो, याचं काश्मीरइतकं बोलकं उदाहरण नाही. तिथला सार्वजनिक सुरक्षा कायदा १९७८ मध्ये शेख अब्दुल्लांच्या सरकारने आणला. लाकूड तस्करांना आवर घालायचा, असं तेव्हा सांगितलं होतं. सप्टेंबर २०१९ मध्ये त्याच कायद्याखाली शेख अब्दुल्लांचेच चिरंजीव, तीन वेळा मुख्यमंत्री राहिलेले आणि तेव्हा खासदार असलेले फारूक अब्दुल्ला, स्थानबद्ध झाले.

यूएपीएचा मार्ग वेगळा आहे. इथे आरोप असतो, खटलाही असतो, पण तो उभा राहायलाच वर्षं जातात. आरोपपत्रासाठी तपास यंत्रणेला १८० दिवसांपर्यंत मुदत मिळते आणि कलम ४३ ड (५) मुळे, पोलिसांच्या कागदांवरून आरोप सकृद्दर्शनी खरा वाटला तर जामीन देता येत नाही. भीमा कोरेगाव प्रकरणात ऑक्टोबर २०२० मध्ये पकडलेले फादर स्टॅन स्वामी त्र्याऐंशी वर्षांचे होते. कंपवातामुळे त्यांना हाताने पेला धरवत नव्हता. तळोजा तुरुंगात स्ट्रॉ आणि सिपर मिळावा म्हणून त्यांनी न्यायालयात अर्ज केला. म्हणणं मांडायला तपास यंत्रणेला वीस दिवस देण्यात आले. वीस दिवसांनी, या वस्तू आमच्याकडे नाहीत, असं उत्तर आलं. ५ जुलै २०२१ रोजी वांद्र्याच्या रुग्णालयात ते कच्चे कैदी म्हणूनच गेले. ते दोषी होते की निर्दोष, हे आता कोणतंही न्यायालय ठरवू शकत नाही.

महाराष्ट्रापुढे हा विषय ताजा आहे. जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. संयुक्त समितीकडे बारा हजारांहून अधिक हरकती आणि सूचना आल्या होत्या, त्यानंतर मसुद्यात काही बदलही झाले. नक्षलवाद्यांच्या शहरी संघटनांना आवर घालायचा, हा सरकारने सांगितलेला हेतू आहे. विधेयक वाचताना हेतूपेक्षा व्याख्या पाहाव्यात: ‘बेकायदा’ कोण, हे आधी कोण ठरवणार, त्या संघटनेला म्हणणं मांडायला केव्हा मिळणार, आणि उद्या दुसऱ्या विचारांचं सरकार आलं तर हीच वाक्यं कोणाला लावता येतील? आणीबाणीत मिसाबंदी झालेल्यांचा आज राज्य मानधन देऊन गौरव करतं. त्यांच्याविरुद्ध वापरल्या गेलेल्या अधिकारांची कसून तपासणी होणं, हाही त्या गौरवाचाच भाग असायला हवा.

आणि एक काम तर चार दशकांहून अधिक काळ तसंच पडून आहे. चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीच्या कलम ३ ने अनुच्छेद २२ बदलला होता. मंडळाच्या मताविना कैदेची मुदत तीन महिन्यांवरून दोन महिन्यांवर आणली होती. सल्लागार मंडळ उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायमूर्तींच्या शिफारशीने नेमायचं होतं आणि त्याचा अध्यक्ष पदावर असलेला न्यायमूर्ती असणार होता. संसदेने हे मंजूर केलं, राष्ट्रपतींची संमती मिळाली. पण ते केव्हा अमलात आणायचं, ही तारीख केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर करायची होती. दुरुस्तीची बाकी कलमं लागू झाली, हे एक सोडून.

राष्ट्रीय सुरक्षा कायद्याआधीच्या वटहुकमाखाली पकडले गेलेले धनबादचे खासदार ए. के. रॉय यांनी या विलंबाचा मुद्दा सर्वोच्च न्यायालयात नेला. डिसेंबर १९८१ च्या निकालात सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड आणि बहुमताने म्हटलं, की सरकारला तारीख जाहीर करायला आम्ही भाग पाडू शकत नाही. असहमत असलेल्या दोघांपैकी एक होते तेच तुळजापूरकर. त्यानंतर काँग्रेसची सरकारं आली, जनता दलाचं आलं, संयुक्त आघाडीचं आलं, भाजपची आली. आणीबाणीत स्वतः तुरुंग भोगलेले नेते पंतप्रधान झाले, गृहमंत्री झाले. या कलमासाठी नवा कायदा नको, संसदेत मतदान नको, घटनेत आणखी बदल नको. राजपत्रातली एका ओळीची अधिसूचना पुरे. ती आजवर एकाही सरकारने काढलेली नाही.